महिलांच्या जिममधले ग्रुप क्लास: नाव घालण्याआधी पडणारे प्रश्न

मी ठाण्यात फक्त बायकांसाठी असलेल्या जिममध्ये ग्रुप क्लास घेते: झुंबा, स्टेप, डंबेल-बारबेलचा स्ट्रेंथ क्लास आणि साठीपुढच्या बायकांची एक सावकाश बॅच. चौकशीला आलेल्या मैत्रिणी काही प्रश्न दारातच विचारतात. काही मात्र महिना-दोन महिन्यांनी, बाकीच्या निघून गेल्यावर हळूच विचारतात. इथे दोन्ही घेतले आहेत. तुम्ही पुण्यात असा की नाशिकमध्ये, उत्तरं फारशी बदलणार नाहीत.

ग्रुप क्लास म्हणजे नक्की काय?

ठरलेल्या वेळी पंधरा-वीस जणी एका हॉलमध्ये जमतात, समोर इन्स्ट्रक्टर असते, गाणी चालू असतात आणि पंचेचाळीस मिनिटं ते तासभर सगळ्या मिळून व्यायाम करतात. आधी वॉर्म-अप, मग मुख्य भाग, शेवटी स्ट्रेचिंग. आज काय करायचं हे तुम्हाला ठरवावं लागत नाही. दिवसभर घरात आणि ऑफिसात सगळं स्वतःच ठरवणाऱ्या बाईला ही केवढी मोठी सोय आहे, ते पहिल्या आठवड्यातच कळतं. शिवाय दोन दिवस दिसला नाहीत की तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करतं. ट्रेडमिल फोन करत नाही.

माझं वजन खूप आहे, दमही लगेच लागतो. घरी थोडं कमी करून मग येऊ का?

नको. आत्ताच या. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि ‘थोडं कमी करून येते’ म्हणून गेलेल्या बऱ्याच जणी परत येतच नाहीत. क्लास तंदुरुस्त झाल्यावर लावायचा नसतो, तंदुरुस्त व्हायला लावायचा असतो.

चांगल्या क्लासमध्ये प्रत्येक हालचालीचे दोन-तीन प्रकार दाखवतात. जंपिंग जॅक (उडी मारून हात-पाय एकदम पसरायचे आणि मिटायचे) येत नसेल तर एकेक पाय बाजूला टाकायचा. जमिनीवर पुशअप होत नसेल तर भिंतीला हात टेकून करायचा. पहिल्या दिवशी अर्ध्यातच बसावंसं वाटलं तर बसा, पाणी प्या, पुन्हा उभ्या राहा. फक्त धापा टाकत असताना एकदम थांबू नका. जागच्या जागी चालत राहा, नाहीतर चक्कर येऊ शकते.

जोर किती लावायचा याची एक साधी खूण आहे. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की तो जोराचा. पहिले तीन-चार आठवडे मध्यमवरच राहा.

मला ताल कळत नाही, स्टेप्स चुकतात. सगळ्या हसतील ना?

श्रावणात मंगळागौरीला फुगडी घातली असेल, झिम्मा खेळला असाल, तर ताल तुमच्या पायात आहेच; त्याला थोडी सवय लागेल इतकंच. पहिल्या क्लासला मधल्या रांगेत उभ्या राहा. शेवटच्या रांगेत गेलात तर इन्स्ट्रक्टरचे पाय दिसत नाहीत, आणि तुम्ही वळलात की तुम्हीच पुढच्या रांगेत! आधी फक्त पाय पकडा, हात नंतर. चुकलात तर चालत राहा आणि पुढच्या आठाच्या मोजणीला परत सामील व्हा. कुणी बघत नाही, कारण जी ती स्वतःच्या पायांकडे बघत असते.

झुंबा, स्टेप, एचआयआयटी, तबाता, स्ट्रेंथ, पिलाटेस... यातलं मी काय घेऊ?

इथे मी जरा सविस्तर बोलते, कारण इथेच बहुतेकींची निवड एकाच बाजूला झुकते.

झुंबा हा नाचाचा क्लास. कोलंबियातल्या बेतो पेरेझ या नृत्यशिक्षकाने तो सुरू केला. हृदयाला, फुप्फुसांना आणि मनाला तो उत्तम. नाव नोंदणीकृत आहे, त्यामुळे झुंबा शिकवणाऱ्या व्यक्तीकडे त्याचा परवाना असायला हवा. तो आहे का, हे विचारण्यात संकोच नको. स्टेपमध्ये बुटक्या फळीवर चढउतार असते. घाम भरपूर निघतो, पण गुडघ्याची जुनी तक्रार असेल तर फळी सगळ्यात खालच्या उंचीवर ठेवून सुरुवात करा.

एचआयआयटी म्हणजे थोडा वेळ खूप जोर आणि मधे छोटी विश्रांती असा आलटून-पालटून व्यायाम. त्याचाच एक प्रकार असलेल्या तबाताचं नाव आजकाल प्रत्येक वेळापत्रकात दिसतं. जपानी संशोधक इझुमी तबाता यांचा 1996 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यामागे आहे: 20 सेकंद पूर्ण जोर, 10 सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. पण ते प्रयोग व्यायामाच्या सायकलवर झाले होते आणि त्यात भाग घेणारे शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते. पंचेचाळिशीतल्या, कित्येक वर्षांत न धावलेल्या बाईला पहिल्याच दिवशी तसं उड्या मारायला लावणं मला मान्य नाही. दोन-तीन महिने पाया घाला, मग खुशाल करा.

आणि स्ट्रेंथ क्लास. डंबेल, बारबेल, केटलबेल (वर कडी असलेलं गोळ्यासारखं वजन). हा क्लास आठवड्यातून किमान दोनदा कराच. पाचही दिवस झुंबा करून वजनांना हातच न लावणाऱ्या बायका पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटतं, कारण मेहनत तेवढीच होते आणि हाताशी येऊ शकलं असतं ते निम्मं राहून जातं. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, पाळी गेल्यावर हाडांची घनताही वेगाने उतरते. दोन्हींवर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्नायूंना भार देणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशी प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा व्यायाम सांगतात, आणि त्यावर आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस स्नायूंचा व्यायाम. हा दुसरा भाग वाचायचा राहून जातो.

माझ्या मते नवीन बाईसाठी आठवडा असा असावा: दोन दिवस स्ट्रेंथ, दोन दिवस झुंबा किंवा स्टेप, एक दिवस योग किंवा पिलाटेस (पोट-पाठीच्या ताकदीचे सावकाश व्यायाम) जमलं तर. पाच दिवस जमत नसतील आणि तीनच असतील, तरी त्यातले दोन स्ट्रेंथचे ठेवा.

वजनं उचलून दंड पुरुषासारखे होतील का?

नाही. तसे स्नायू घडायला लागणारं टेस्टोस्टेरॉन बायकांच्या शरीरात पुरुषांच्या मानाने कितीतरी पटींनी कमी असतं. व्यासपीठावर दिसणाऱ्या बॉडीबिल्डर बायकांमागे अनेक वर्षांचा, फक्त त्याच ध्येयासाठी केलेला आहार आणि सराव असतो. तुम्हाला जाणवेल ते वेगळंच: दळणाचा डबा ओट्यावर ठेवताना कंबर धरणार नाही, लोकलमध्ये चढताना दांडी घट्ट धरता येईल.

आजार असतील तर आधी काय सांगायचं?

सगळं सांगा. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, हृदयाचा त्रास, सरकलेली चकती, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू गोळ्या. फॉर्मवर लिहा आणि इन्स्ट्रक्टरला तोंडीही सांगा, कारण फॉर्म काउंटरवरच राहतो. हृदयाचा त्रास असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

रक्तदाब असलेल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडू नये. जोर लावताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर फार खाली जाऊ शकते. बॅगेत ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, घाम गार लागला तर लगेच थांबा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन सकाळच्या क्लासला आलात तर चहा-नाश्ता आपोआप तासाभराने होतो. ही वेळ बरोबर जुळते.

आणि एक रक्तचाचणी आवर्जून करून या: हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानतात. ‘माझा स्टॅमिनाच नाही’ म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या कितीतरी जणींना खरं तर लोहाची गरज असते. आकडा कमी आला तर डॉक्टरांकडून उपचार सुरू करा आणि तोवर हलके क्लास करा.

उड्या मारताना थोडी लघवी होते. लाज वाटते, म्हणून क्लास सोडावा असं वाटतं.

सोडू नका, आणि हे तुमच्या एकटीचं आहे असंही समजू नका. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या काळात हे खूप जणींना होतं. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू सैल पडलेले असतात. उडी, शिंक, खोकला यांचा दाब त्यांना पेलत नाही. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये या स्नायूंचे व्यायाम मांडले. लघवी आणि वात दोन्ही रोखून धरल्यासारखे ते स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, आणि तितक्याच सावकाश पूर्ण सैल सोडायचे. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास चालू ठेवायचा. लघवी करत असताना मधेच धार थांबवून सराव करू नका.

क्लासमध्ये उडीऐवजी चालीचा प्रकार घ्या. इन्स्ट्रक्टरला एवढंच सांगा, ‘मी जंप करत नाही’. कारण सांगण्याची गरज नाही. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा खाली काही ओघळल्यासारखं, जड वाटलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पेल्विक फ्लोअरवर, म्हणजे याच तळाच्या स्नायूंवर, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टही असतात. नुसतं पॅड लावून वर्षानुवर्षं सहन करण्यासारखं हे दुखणं नाही.

बाळंतपणानंतर कधी सुरू करू?

साधारण सहा आठवड्यांनी डॉक्टर तपासतात. त्यांनी होकार दिल्यावर हलके क्लास. सिझेरियन असेल तर त्याहून थोडं धीराने. धावणं आणि उड्या किमान तीन महिन्यांनी. पोटाचे उभे स्नायू मधोमध विलग झाले आहेत का, ते तपासून घ्या. तसं असेल तर क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे) आणि लांब प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवायचं) सुरुवातीला टाळायचे. अंगावर पाजत असाल तर पाजून मग क्लासला या, अंग हलकं राहतं. आईकडे चाळीस दिवस शेक-शेगडी आणि डिंकाच्या लाडवांचा पाहुणचार घेऊन आल्यावर ‘सगळं महिन्यात उतरवायचं’ अशी घाई नको. शरीराने नऊ महिने घेतले होते.

पाळीत आणि गरोदरपणात?

पाळीत व्यायाम चालतो. पहिल्या दिवशी नको वाटलं तर नका करू, करावासा वाटला तर करा; कित्येकींच्या पोटदुखीला हालचालीनेच आराम पडतो. गरोदर असाल तर डॉक्टरांची परवानगी घ्या आणि इन्स्ट्रक्टरला पहिल्याच महिन्यात सांगा, घरी अजून सांगितलं नसलं तरी. आधीपासून क्लास करणारी बाई बहुधा बदल करून चालू ठेवू शकते. नव्याने एचआयआयटी सुरू करण्याचा मात्र हा काळ नव्हे. रक्तस्राव, चक्कर, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर लगेच थांबून दवाखाना गाठायचा.

उपासाच्या दिवशी येऊ का?

फराळाचा उपास असेल तर या. साबुदाण्याने पोट भरतं, पण प्रथिनं जवळपास मिळत नाहीत. सोबत दाणे, दही, ताक, पनीर ठेवा. निर्जळी असेल तर त्या दिवशी स्ट्रेचिंगपलीकडे काही नको. नवरात्रात नऊ दिवस उपास असतील तर वजनं हलकी घ्या.

एरवीच्या खाण्याबद्दल एकच सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे, म्हणजे 60 किलोच्या बाईला साधारण 50 ग्रॅम. व्यायाम करणारीला त्याहून थोडं जास्त लागतं. सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या-भाजी आणि वाटीभर पातळ वरण, एवढ्यात ते भरत नाही. मोड आलेली मटकी, अंडी, घट्ट डाळ, दही, मासे, सोयाबीन, जे घरात चालत असेल ते वाढवा. जिमच्या काउंटरवर पावडरचा डबा पुढे केला तर लगेच पैसे काढू नका.

काय घालायचं?

सैल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट पुरे. महागडे लेगिंग्ज लागत नाहीत. पंजाबी ड्रेसवर येणार असाल तर ओढणी लॉकरमध्ये ठेवा. खर्च करायचाच असेल तर तो स्पोर्ट्स ब्रा आणि बुटांवर करा. बूट घरात-बाहेर वापरायचे नकोत, क्लाससाठी वेगळे हवेत. झुंब्याला फार पकडणारा तळवा नको, कारण वळताना पाऊल अडकतं आणि गुडघा पिळवटतो.

मंगळसूत्र टी-शर्टच्या आत घाला किंवा काढून ठेवा. लांब असेल तर वाकताना ते डंबेलमध्ये अडकतं. काचेच्या बांगड्या नकोत. जोडव्यांचा विचार कुणी करत नाही, पण बंद बुटात उड्या मारताना ती शेजारच्या बोटाला घासतात आणि फोड येतात. काढवत नसतील तर बोटाभोवती मऊ चिकटपट्टी गुंडाळा.

जिम चांगली आहे हे कसं ओळखायचं?

आरसे, दिवे आणि कॉफी मशीन बघू नका. एक क्लास बाजूला बसून बघा, आणि त्या हॉलमधल्या सगळ्यात मागे पडलेल्या बाईकडे लक्ष ठेवा. इन्स्ट्रक्टर तिच्यापर्यंत जाते का? तिला सोपा प्रकार दाखवते का? तिचं नाव घेते का? की ती फक्त पहिल्या रांगेकडे बघून स्वतःच व्यायाम करते? माझ्या दृष्टीने याहून मोठी परीक्षा नाही.

मग तिचं प्रशिक्षण विचारा: प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायचा तातडीचा उपचार) येतं का, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे. जमीन बघा. थेट टाइल्सवर उड्यांचे क्लास होत असतील तर नडग्या दुखणार. खाली लाकडी किंवा रबरी थर हवा. हवा खेळती हवी, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमटपणात. क्लासनंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज फार मोठा आहे. कमी करायला सांगा, तुमचा हक्क आहे. एका बॅचमध्ये किती जणी घेतात? हात पसरले की शेजारणीला लागत असतील तर गर्दी झाली.

तिथे पुरुष असतील का? कॅमेऱ्यांचं काय?

नाव ‘लेडीज जिम’ असलं तरी मालक, सफाई किंवा दुरुस्तीची माणसं, कधी एखादा ट्रेनरही पुरुष असतो. कोण, कोणत्या वेळी असतो, हे आधीच विचारा. कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा असताच कामा नये. चोरून असं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. हॉलमध्ये कॅमेरे असतील तर चित्रण कोण बघतं, तेही विचारून घ्या.

रील्सचा वेगळा विचार करा. बऱ्याच जिम क्लासचे व्हिडिओ टाकतात. तुम्हाला नको असेल तर प्रवेश अर्जावरच ‘माझे फोटो व व्हिडिओ वापरू नयेत’ असं लिहून सही करा.

छळाचा काही प्रकार घडला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचा आधार ग्राहक म्हणून आलेल्या बाईलाही आहे. तक्रार करणारी तिथे नोकरीलाच असली पाहिजे असं नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

फी एकदम वर्षाची भरू का? खूप सूट देतायत.

लगेच नाही. आधी ट्रायल, मग एक महिना, मग तीन महिने. वर्षाची ऑफर ‘आज संध्याकाळपर्यंतच’ असते, आणि पुढच्या सणाला ती परत येते.

हिशोब क्लासमागे करा. समजा वर्षाचे 18,000 रुपये आणि महिन्याचे 2,000. वरवर 6,000 वाचतात. पण महिन्याला आठच क्लास झाले तर वर्षाला 96, म्हणजे क्लासमागे जवळपास 188 रुपये. मे महिन्यात माहेरी, परीक्षेच्या काळात मुलांपाशी, गणपती-दिवाळीत घरी, असे तीन महिने गेले तर नऊ महिन्यांचे महिन्यामहिन्याने 18,000 च झाले असते. तेव्हा आपला मागच्या वर्षीचा क्रम आठवून मगच ठरवा.

पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: किती दिवस फ्रीज (येता येत नसेल तेव्हा सदस्यत्व थांबवून ठेवण्याची सोय) मिळेल, दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येईल का, तुम्ही सोडलं किंवा शाखा बंद झाली तर परतावा कसा, आणि ठरलेला क्लास रद्द झाला तर काय. पक्कं बिल मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. अजून 18 लावत असतील तर विचारा. बिलावर जीएसटी आकारला असेल तर त्यावर पंधरा अक्षर-अंकी क्रमांक असायला हवा, महाराष्ट्रातला असेल तर तो 27 ने सुरू होतो. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

किती दिवसांत वजन उतरेल?

‘महिन्यात दहा किलो’ म्हणणाऱ्या जिममधून परत फिरा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत काटा बहुधा जागचा हलत नाही. झोप सुधारते, जिना चढताना दम कमी लागतो, कुर्त्याची बाही सैल होते. दर आठवड्याला काट्यावर उभं राहण्यापेक्षा महिन्यातून एकदा कंबर मोजा आणि कितीचं डंबेल उचलता ते वहीत लिहा.

पहिल्या क्लासनंतर अंग इतकं दुखतंय, हे बरोबर आहे का?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणं स्वाभाविक आहे, ओसरतं. हलकं चाला, नीट जेवा, भरपूर पाणी प्या. सांध्यात टोचणारी कळ, सूज किंवा पायात मुंग्या मात्र स्वाभाविक नाहीत. आणि लघवी गडद, काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. अति ताणाने स्नायू मोडून मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण असू शकते.

सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. त्यांना सोबत आणू का?

जरूर आणा, फक्त तुमच्या झुंबा बॅचला नको. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढे आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते, ते पडणं टाळण्यासाठी. त्यांच्या बॅचची वेळ बहुतेक ठिकाणी सकाळी दहा-अकराच्या सुमारास असते, सगळ्यांचे डबे गेल्यावर. पहिल्या दिवशी आम्ही हात छातीवर बांधून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजतो आणि लिहून ठेवतो, म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा मोजता येतं. गोळ्यांची यादी आणि चष्मा सोबत द्या. पायात मागे पट्टा असलेले, न घसरणारे बूट हवेत, चप्पल नको. साडीतच यायचं म्हणाल्या तरी चालेल, फक्त नऊवारी किंवा घोट्याच्या वर खोचलेली सहावारी. पहिले काही दिवस खुर्चीवर बसूनच व्यायाम असतो.